१२ वर्षं तेच सहा जण दिवाळी अंक काढतोय. बाहेरची नजर आणायची कशी?

ग्रंथालयातली

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयातर्फे आम्ही दरवर्षी दिवाळी अंक काढतो, यंदाचं हे १३वं वर्ष. १२८ पानं, ५०० प्रती. मजकूर मागवणं, मुद्रितं तपासणं, जाहिराती गोळा करणं, छापखान्यातून गठ्ठे आणून घरोघरी पोचवणं, हे सगळं पहिल्या अंकापासून आम्ही सहा जणच करतो. सहाही जणांचा अंकावर जीव आहे.

प्रश्न विचारण्याआधी मे महिन्यात काय झालं ते सांगते.

आमच्याकडे दिवाळी अंक योजना असते. सभासद थोडी जादा वर्गणी भरतात आणि दिवाळीपासून पुढे चार-पाच महिने सगळे अंक आळीपाळीने नेतात. योजना संपली की मी अंकांची पडताळणी करते. कुठल्या अंकाची शिवण सुटली, कुठल्याचं मलपृष्ठ गेलं, कुणी पाककृतीचं पान फाडून नेलं, हे बघून खाकी कागदावर नोंद करायची. यंदा आमच्याच अंकाच्या देवघेवीच्या चार प्रती हातात आल्या आणि सहज म्हणून मी एक प्रत आडवी धरून पानांच्या कडा बघितल्या. हात लागलेली पानं कडेला मळतात, तिथे करडी पट्टी उमटते. आमच्या अंकात अशी पट्टी एकाच ठिकाणी होती, पान ४१ ते ४८. बाकी कडा छापखान्यातून आल्या तशा पांढऱ्या. उरलेल्या तीन प्रती बघितल्या. तीच पट्टी, त्याच जागी.

४१ ते ४८ वर एका निवृत्त एसटी चालकांच्या आठवणी होत्या. पावसाळ्यात आंबोली घाटातून रात्रीची गाडी काढणं, धुक्यात समोरचं काहीच दिसत नसताना वाहकाने खाली उतरून बॅटरी दाखवत पुढे चालणं. काकांनी स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. आमच्यातल्या एकाने दोन संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसून सगळं ऐकलं आणि उतरवून काढलं. लेख शेवटच्या आठवड्यात आला होता आणि जागा भरायची म्हणून घेतला होता.

कवितांची १४ पानं पांढरी. कथास्पर्धेतल्या तिन्ही कथा पांढऱ्या. माझं संपादकीय पांढरं, आणि मी ते दरवर्षी पंधरा-पंधरा दिवस लिहिते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. वाचकांचा राग नाही आला. एवढी वर्षं रोज समोर बसून पुस्तकं देते त्या माणसांना काय वाचायचं आहे, हे मी कधी विचारलंच नाही, याचं वाईट वाटलं.

बाहेरची मदत एकदा घेतली होती. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका कंपनीकडून मुखपृष्ठ करून घेतलं. आलं ते पणती, रांगोळी, आकाशकंदील आणि हसऱ्या नऊवारीतल्या बाईंचा फोटो. वाचनालयाचं नाव झाकलं तर तो अंक कुठल्या गावचा हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्याच वर्षी छापखाना बदलला. तिथे आमचा मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं बिघडली. घाटाच्याच एका वर्णनात ‘उजव्या हाताला खोल दऱ्या’ लिहिलं होतं, छापून आलं ‘खोल दर्या’. आंबोलीत समुद्र! मी मुद्रितं तपासली होती, पण बदल त्यानंतर झाला.

तर माझे प्रश्न. अंकाचा मजकूर आणि रूप दोन्ही सुधारायचं आहे आणि त्यासाठी आमच्या सहा जणांच्या बाहेरची नजर हवी आहे. ती कुणाकडे मागायची? गावात विचारलं तर सगळे ‘छान झालाय हो अंक’ म्हणतात, कारण रोज तोंड बघायचं असतं. कसं विचारलं म्हणजे खरं ऐकायला मिळेल? आणि आमचे अध्यक्ष म्हणतात, ‘बाहेरच्यांना आपल्या गावाचं काय कळणार?’ त्यांचं सगळंच चुकतंय असंही मला वाटत नाही. जास्तीत जास्त ८,००० रुपये मी या कामासाठी बाजूला काढू शकते.

पानजोडणी

ताई, नमस्कार. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास गेली २२ वर्षं पानं लावतोय, म्हणून रूपाबद्दल बोलतो. तुम्ही मागच्या अंकाची पीडीएफ व्यक्तिगत निरोपातून पाठवलीत, ती रात्री बसून पाहिली. एक सांगतो, तुमच्या अंकाला महागड्या डिझायनरची गरज नाही. आधी त्याला श्वास घ्यायला जागा द्या.

पान ४१ घ्या. अक्षर ११ पॉइंटाचं आणि ओळीपासून ओळ १३ पॉइंटांवर. इंग्रजीत हे चालून जातं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘पूर्वी’ची वेलांटी वरच्या ओळीतल्या ‘कृ’च्या पायात अडकते. वाचणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते कळत नाही, तो दोन पानांत दमतो आणि अंक खाली ठेवतो. ओळींमधलं अंतर १६ करा. पानं वाढतील, साधारण पाचात एक. म्हणजे १२८ पानांतला मजकूर १०५ पानांच्या आसपास आणावा लागेल. तुमची कडेची पट्टी बघता कापायला काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

आतला समास, म्हणजे शिवणीकडचा. तुम्ही १२ मिलिमीटर ठेवलाय आणि बांधणी डिंकाची आहे. असा अंक पूर्ण उघडत नाही, प्रत्येक ओळीचं एक टोक खाचेत जातं. २० मिलिमीटर ठेवा. आणि प्रत्येक पानाभोवती जी वेलबुट्टीची महिरप आहे ती काढा. हे सांगताना मला वाईट वाटतंय, कारण ती कुणीतरी हौसेने काढलेली दिसते. पण १२८ वेळा तीच महिरप आली की डोळा ती बघणंच सोडतो आणि जागा मात्र अडून बसते. एकदा, अनुक्रमणिकेच्या पानावर, मोठी करून वापरा. तिथे ती शोभेल.

फॉन्टचं. ‘दर्या’चा अपघात सगळ्यांच्या वाट्याला आलेला आहे. जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना, किंवा उलट नेताना, सगळ्यात आधी ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ मोडतात. उपाय एकच, पहिल्यापासून शेवटपर्यंत युनिकोड, आणि छापखान्याला फक्त फॉन्ट बसवलेली पीडीएफ द्यायची, खुली फाइल नाही. शेवटचं मुद्रित त्या पीडीएफवरूनच वाचायचं. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲसिड’ असे शब्द शोधून एकेक तपासा.

मजकुराला तिरो देवनागरी मराठी वापरून बघा. फुकट आहे, परवाना खुला आहे आणि त्यात आपला पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. तुमच्या अंकात सगळीकडे हिंदी वळणाचे ल-श पडलेत. लहानपणी पाटीवर गिरवलेलं अक्षर डोळ्याला लगेच ओळखू येतं. या फॉन्टला ठळक रूप मात्र नाही, तेव्हा शीर्षकांना मुक्त घ्या. तो एकटाइपचा, तोही फुकट, सात जाडींमध्ये मिळतो. अंकभर हे दोनच. आत्ता मी मोजले, नऊ फॉन्ट आहेत.

आता खरं कसं ऐकायचं. ‘कसा वाटला’ असं विचारूच नका. ज्याने अंक बघितलेला नाही अशा माणसाच्या हातात द्या, पाच मिनिटं गप्प बसा आणि फक्त बघा. कुठून उघडतो, कुठे थांबतो, काय उलटून टाकतो, डोळ्यांपासून किती लांब धरतो. मध्ये बोलायचं नाही, ‘तो पुढचा लेख बघा ना’ असंही नाही. वहीत लिहीत जा. अशी पाच माणसं झाली की मला कळवा.

जुना_वाचक

तुमच्या अध्यक्षांच्या प्रश्नाबद्दल लिहितो. माझ्या घरी दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत आणि निवृत्तीनंतर माझा बराच वेळ त्यांत जातो.

आपला दिवाळी अंक हीच मुळी बाहेरून आलेली कल्पना. पहिला दिवाळी अंक म्हणून सहसा ज्याचं नाव घेतात तो ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९ सालचा. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्यासमोर इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक होते. पण त्यांनी नाताळचा अंक मराठीत आणला नाही. आपल्या सणाला आपल्या माणसांनी वाचायचा अंक काढला, आणि आज कुणाला तो उसना वाटतही नाही. ‘किर्लोस्कर’ही तसंच. १९२० मध्ये ते ‘किर्लोस्कर खबर’ होतं, कारखान्याचं वार्तापत्र. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, नांगरांच्या कारखान्याचं पत्रक चित्रकाराच्या नजरेने बघत होते. त्यातूनच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं. आणि तुमच्या शेजारचं उदाहरण म्हणजे चित्रकार दीनानाथ दलाल. जन्म मडगावचा. १९४५ पासून त्यांनी ‘दीपावली’ काढला, आणि मराठी अंकाचं मुखपृष्ठ कसं असावं याची दोन पिढ्यांची कल्पना त्या एका माणसाच्या कुंचल्याने घडवली.

म्हणून अध्यक्षांना सांगा, बाहेरच्याला गावाचं कळायची गरज नाही. गावाचं तुम्हाला कळतं. बाहेरच्याला एवढंच कळतं की या पानावर मी अडखळलो आणि इथे मला पुढे वाचावंसं वाटलं नाही. ते मात्र तुम्हाला कळू शकत नाही, कारण त्या पानाच्या मागचं सगळं तुम्हाला आधीच माहीत असतं.

मजकुरासाठी एक रीत सुचवतो. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा दुरुस्तीसाठी परत पाठवत. तेवढा वेळ आणि तो अधिकार आपल्याकडे नसतो. पण त्यातला एक भाग आपल्याला जमण्यासारखा आहे. छापण्याआधी प्रत्येक लेख गावाबाहेरच्या एका वाचकाला पाठवा आणि त्याला मत विचारू नका. त्याने समासात फक्त प्रश्न लिहायचे. ‘हा माणूस कोण?’ ‘ही बस किती वाजता सुटायची?’ ‘मग आईने काय केलं?’ बस. हे प्रश्न लेखकाकडे गेले की लेखक दुखावत नाही, उलट खुलतो. लेख दोन परिच्छेदांनी वाढतो आणि नेमके तेच दोन परिच्छेद लोक लक्षात ठेवतात. मी एका संस्थेच्या वार्षिकासाठी हे चार वर्षं केलं आहे. तुमच्या चालककाकांचा लेख का वाचला गेला असेल? समोर बसून कुणीतरी प्रश्न विचारत होतं म्हणून.

कवितांची १४ पानं एकदम काढू नका. तिथे गावातली माणसं पहिल्यांदा छापून येतात, त्याचीही काही किंमत आहे. कमी करा, आणि प्रत्येक कवितेला स्वतंत्र पान द्या. एका पानावर तीन कविता कोंबल्या की तिन्ही मरतात.

घाटमाथा

मी बेळगावची. आंबोली घाट चढला की आम्हीच!

आम्ही पाच मैत्रिणी इथे एक छोटं मराठी त्रैमासिक काढतो, ४८ पानांचं. तुमची अडचण वाचताना आमचीच वाचते आहे असं वाटलं. आम्ही दोन वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका गटाशी अंकांची अदलाबदल केली. पैसे नाहीत, उपकार नाहीत. आमचा अंक त्यांनी वाचायचा, त्यांचा आम्ही, आणि दोन्हीकडून तीनच गोष्टी लिहायच्या. कुठे थांबले, कुठे सोडून दिलं, काय शोधत होते आणि सापडलं नाही. स्तुती करायची नाही असं आधीच ठरलं होतं.

त्यांचं पत्र आलं ते दीड पानाचं. शेवटची ओळ मला पाठ आहे. ‘तुमच्या अंकात बेळगाव कुठे आहे?’ मी चिडले. आम्ही बेळगावात राहतो, बेळगावात छापतो, आणि हे असं विचारतात? मग अंक पुन्हा वाचला. सहा कथा होत्या. चार पुण्यात घडत होत्या, एक मुंबईत, एक नाव नसलेल्या शहरात. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला कानडीत हाक मारतो, भाजीवालीशी मी मराठीत सुरू करते आणि ती कानडीत संपवते, दोघींना कळतं. हे आमच्या एकाही पानावर नव्हतं. तीन दिवस मी ते पत्र मैत्रिणींना दाखवलं नाही, मग दाखवलं. पुढच्या अंकात आम्ही बाजारावर १२ पानं केली आणि शेजारच्या कानडी बाईंची एक आठवण मराठीत आणली. त्या स्वतः अंक घेऊन गेल्या आणि पाच प्रती नातेवाइकांना पाठवल्या.

ताई, मी तुमच्याशी अदलाबदल करायला तयार आहे. अंक एसटीने पाठवा, सावंतवाडी-बेळगाव गाडीत कुणीतरी ओळखीचं असतंच. आमच्याबद्दलही खरं लिहा, बोचलं तरी चालेल. बोचतंच.

एक काळजी मात्र घ्या. आलेलं पत्र सहाही जणांसमोर मोठ्याने वाचून दाखवू नका. प्रत्येकाला एकेक प्रत द्या, घरी वाचू दे, चार दिवसांनी भेटा. आमच्यात पहिल्या वेळी तिथल्या तिथे भांडण झालं आणि एक मैत्रीण वर्षभर आली नाही.

सेकंड_इयर

मी कोल्हापूरला उपयोजित कला शिकतो, मूळ गाव कुडाळ. वयाने लहान आहे पण मुखपृष्ठाबद्दल राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मावशी, तुमच्या तालुक्याच्या गावात गंजिफा रंगवतात! राजवाड्यात आजही काम चालतं. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, सगळे गोल. मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बघितले, चित्रकलेकडे वळलो त्याला ते पत्तेही कारण आहेत. चितारआळीत लाकडी फळं, खेळणी, त्यांचे ते पिवळे आणि लाल रंग. हे सगळं दारात असताना मुखपृष्ठावर विकतच्या फोटोतली पणती कशाला? गंजिफाची नक्कल करून छापा असं मी म्हणत नाही, ती त्या कारागिरांची कला आहे, त्यांना विचारूनच काय ते करायचं. पण गोल आकार, सपाट रंग, एका पत्त्यात एकच आकृती आणि भोवती मोकळी जागा, ही शिस्त घेता येते. १२ लेखांना १२ गोल चित्रं. एकावर एसटीचं स्टिअरिंग, एकावर कंदिलाची काच, एकावर सुपारी. मी हे लिहितानाच रेखाटायला लागलो.

कला महाविद्यालयातल्या मुलांकडे जाणार असाल तर दोन गोष्टी. ‘दिवाळीचं काहीतरी छान करून द्या’ असं सांगू नका. त्यातून पणतीच येते, आमच्याकडूनही. लेख द्या वाचायला. मी चालककाकांचा लेख वाचला तर मला धुकं काढावंसं वाटेल, आणि धुकं तुम्ही मागितलं नसतंत. दुसरं म्हणजे पैसे द्या. रक्कम लहान असली तरी चालते, पण आधी सांगितलेली असावी आणि वेळेवर यावी. ‘तुला संधी मिळेल, नाव छापू’ असं आम्हाला फार लोक सांगतात. रंग, कागद, प्रिंट काढणं, यात महिन्याला बरेच पैसे जातात. आणि दुरुस्त्या दोनदाच करून घ्यायच्या असं दोघांनी ठरवून घ्यावं.

ग्रंथालयातली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं. आज नारळी पौर्णिमा, वाचनालय बंद आहे, निवांत लिहिते.

पानजोडणीदादा, पाच माणसं झाली. कुरिअर घेऊन येणारा मुलगा, दहावीतली एक मुलगी, बँकेतले नवीन आलेले साहेब (ते नांदेडचे), आमच्या शेजारच्या आजी आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना पेपर वाचणारे केस कापणारे दादा. कुरिअरवाल्याने अंक शेवटून उघडला आणि जाहिराती बघितल्या, कारण त्यांतली दुकानं त्याच्या रोजच्या वाटेवरची. मला हे कधीच सुचलं नव्हतं, की जाहिरातसुद्धा गावाचा मजकूर आहे. साहेब अनुक्रमणिकेवरच अडकले. नुसती शीर्षकं आणि नावं होती, त्यांना एकही नाव ओळखीचं नव्हतं, त्यांनी अंक मिटला. यंदा प्रत्येक शीर्षकाखाली एक ओळ येणार आहे, लेख कशाबद्दल आहे ती.

आजींचं सांगायलाच हवं. वय ७८, रोज पोथी वाचतात, वाचनाची सवय आहे. त्यांनी अंक हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द सरकत गेल्या. तिसऱ्या ओळीवर बोट दोन ओळी खाली उतरलं आणि त्यांना कळलंच नाही. पुढचं वाक्य लागेना म्हणून पुन्हा वर आल्या. पुन्हा चुकल्या. मग अंक माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘माका दिसना नाय गो.’ मी गप्प बसायचं ठरवलं होतं, बसले. घरी येऊन त्याच पानाचा मजकूर तुम्ही सांगितलेल्या मापांवर लावून घेतला, आमच्यातल्या एकाच्या मुलाने तो लावून दिला, आणि दुसऱ्या दिवशी आजींना नेऊन दिला. बोट न ठेवता त्यांनी पानभर वाचलं आणि विचारलं, ‘फुडला पान खंय?’ महिरप काढायचं त्या संध्याकाळी ठरलं. ती आमच्यातल्याच एका काकांनी १२ वर्षांपूर्वी शाईने काढली होती. त्यांना मी एकटी जाऊन भेटले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, अनुक्रमणिकेसाठी मी नवीन काढतो, ही त्या मापाची नाही.

घाटमाथाताई, तुमचं पत्र तीन पानी आलं आणि मी ते सांगितल्याप्रमाणे सहा लिफाफ्यांत घालून दिलं. तुम्ही लिहिलंत की अंकात शेती आहे, घाट आहे, देवळं आहेत, पण मुंबईला गेलेली माणसं कुठेच नाहीत. आमच्या गावात प्रत्येक घरातलं निदान एक माणूस मुंबईत आहे किंवा होतं. गणपतीला ती सगळी येतात, चाकरमानी म्हणून त्यांची थट्टाही होते, आणि आम्ही १२ वर्षांत त्यांच्यावर एक ओळ छापलेली नाही. यंदा गणपतीत सगळे इथेच असतील, तेव्हा चार दिवस आम्ही दोघी-दोघी जाऊन बसणार. प्रश्न लिहायला घेतलेत. पहिल्यांदा मुंबईला कुठल्या गाडीने गेलात, पहिल्या रात्री कुठे झोपलात, गावच्या माणसांच्या कुठल्या खोलीत राहिलात, तिथे स्वयंपाक कोण करायचं. जुना_वाचककाका, तुमचे समासातले प्रश्न हेच असावेत असं मला वाटतं. आलेले दोन लेख मी तुम्हाला पाठवले आहेत, प्रश्नांची वाट बघते.

आणि अध्यक्ष. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. त्या चार प्रती त्यांच्या टेबलावर आडव्या ठेवल्या आणि करडी पट्टी दाखवली. त्यांनी आपलं मनोगत काढून बघितलं, पान ३, कडा पांढरी. बराच वेळ बोट फिरवत होते. नंतर विचारलं, ‘मला किती जागा देणार?’ मी म्हटलं, अर्धं पान. माझं संपादकीयही अर्धंच. दोन्ही मिळून एक पान, ठरलं.

कविता सहा, प्रत्येक स्वतंत्र पानावर, शेवटी चार पानं मालवणीत. कुडाळच्या मुलाला (बाळा, तू वयाचं काढू नकोस) १२ चित्रांचे ६,००० रुपये ठरले, अर्धे दिले, दोनच दुरुस्त्या, तेही लिहून घेतलंय. पहिली तीन चित्रं आलीत. धुक्याचं चित्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. पुस्तक बदलायला आलेला जो तो विचारतो, हे काय, आणि मी सांगते, आंबोली.

एक अडचण उरली आहे, पानजोडणीदादा. मालवणीतल्या ‘हंयसर’, ‘थंयसर’, ‘खंय’ यांतला अनुस्वार रेघेच्या वर नीट बसतो, पण ‘गेल्लंय’ सारख्या शब्दात त्याच्या शेजारची मात्रा वरच्या ओळीतल्या उकाराला टेकते. चारच पानं आहेत, पण आजी तीच आधी उघडणार.

पानजोडणी

त्या चार पानांना १७ पॉइंट अंतर द्या, अक्षर तेच ठेवा. आणि ती पीडीएफ छापखान्यात जायच्या आधी एकदा माझ्याकडे पाठवा, रात्री कितीही वाजता. ‘दऱ्या’ मी स्वतः शोधून बघतो.